बानाबाईची गवाही

“हात उलटा धरा, बाई. तळवा खाली. घाबरू नका, तूपच हाय, चटका बसायचा नाय.”

नव्या गिऱ्हाईकबाईने बिचकत हात पुढे केला. बानाबाईने डब्यातून नखभर तूप काढले, तिच्या हाताच्या पाठीवर ठेवले आणि अंगठ्याने चोळायला सुरुवात केली. चोळताना तिचे ओठ हलत होते. अकरा मोजायचे, हा तिचा नेम. अस्सल तूप अकराच्या आत कातडीत जिरते आणि मागे वास तेवढा ठेवते. भेसळीचे तूप बसून राहते, उठायचे नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखे.

“आता हुंगा.”

बाईने हुंगले आणि तिचा चेहरा खुलला.

“खरं हाय. माझी गवाही,” बानाबाई म्हणाली. बाईने एक किलो बांधायला सांगितले.

तो डबा खरा होता. त्या हिवाळ्यातला तो शेवटचा खरा डबा.

औरंगाबादेत उस्मानपुऱ्यात हे ‘निसर्ग भांडार’ होते. हेमचंद्ररावांनी विमा कचेरीतली नोकरी सोडून ते काढले, तेव्हा सासुरवाडीपासून शेजारपाजारपर्यंत सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढले होते. घाण्याचे करडईचे तेल, हातसडीचा तांदूळ, काळा गूळ. गूळ काळा पाहून लोक नाके मुरडत आणि शेजारच्या दुकानातला पिवळाधमक घेऊन जात. हेमचंद्रराव प्रत्येकाला थांबवून सांगत की पिवळेपणा पावडरीचा असतो, काळा तोच खरा. गिऱ्हाईक हो हो म्हणे आणि पिवळाच नेई.

अशात एक दिवस शेंद्र्याची बानाबाई किटलीत तूप घेऊन दुकानात आली. धनगराची बाई. नवरा गेला, मेंढरे विकली, दोन म्हशी तेवढ्या राहिल्या होत्या. तिचे तूप तोलेपर्यंत ती उभ्या उभ्या ओळीतले डबे हुंगत होती. तिसऱ्या डब्यापाशी थांबून म्हणाली, “ह्यात डालडा हाय.” हेमचंद्ररावांनी दुसऱ्या दिवशी तो डबा तपासून घेतला. होताच. त्यांनी तो दुकानासमोर, चारचौघांच्या देखत, गटारात ओतला आणि बानाबाईला काट्याशेजारी एक पोते अंथरून दिले. त्या दिवसापासून सहा वर्षे ती त्या पोत्यावर बसत होती. नाकावर पोट भरणारी बाई, असे लोक थट्टेने म्हणत. तिला त्या थट्टेचा अभिमान होता.

तिच्या नाकाचा बोलबाला खरा झाला तो तिच्या सख्ख्या भावामुळे. त्रिंबक गावाहून दोन किटल्या घेऊन आला. बहीण दुकानात बसते म्हटल्यावर त्याला वाटले, आपले काम झाले. बानाबाईने झाकण उघडले, हुंगले आणि पुन्हा लावले.

“घेऊन जा, दादा.”

“आगं, लेकराबाळांचं हाय ते.”

“लेकराबाळांचं असंल. म्हशीचं नाय.”

दुकानात सात-आठ बायका होत्या. त्रिंबक किटल्या उचलून गेला तो गेलाच. त्यानंतर ना राखी, ना भाऊबीज. त्याच्या घरच्या लग्नाचे निमंत्रण साऱ्या भावकीला गेले, हिला नाही. बानाबाई त्या लग्नाच्या दिवशी पोत्यावर बसून दिवसभर तूप चोळत राहिली आणि संध्याकाळी कालिंदीवहिनींनी, हेमचंद्ररावांच्या बायकोने, चहा दिला तेव्हा एकदम रडली. पण ती गोष्ट शहरभर झाली. स्वतःच्या भावाचे तूप परत करणारी बाई! मग वाळूजच्या कारखान्यांतल्या साहेबांच्या बायका रिक्षा करून येऊ लागल्या.

आणि तिथेच घोडे पेंड खाऊ लागले. गिऱ्हाईक दसपट झाले आणि तूप मात्र आटत गेले. वाळूजला धुराड्यांमागून धुराडी उभी राहिली, गावची पोरे पहाटेच्या बसने तिकडे जाऊ लागली, म्हशींमागे जायला कोणी उरले नाही. शेंद्र्याकडेही मोजणीवाले खुंट्या ठोकून गेले होते. पन्नास किटल्यांच्या जागी पंधरा येऊ लागल्या. दिवाळीनंतर एक दिवस बानाबाईने मागच्या खोलीतून आलेला नवा डबा उघडला आणि तिचे नाक तिथेच थबकले.

दुपारी दुकान रिकामे झाले तेव्हा ती म्हणाली, “साहेब, ह्या डब्यात मिसळ हाय.”

तिला वाटले, आता हा डबाही गटारात जाईल. हेमचंद्ररावांनी चष्मा पुसला.

“पाचात एक आहे, बानाबाई. जास्त नाही. तूप येईपर्यंत काढायचे दिवस आहेत. दुकान बंद पडलं तर लोक पुन्हा सगळंच खोटं खातील. पाचात चार खरं, हे काय वाईट?”

“अन् हळद? त्या नव्या पुड्यांस्नी हळदीचा वासच नाय. नुसता रंग हाय.”

“हळद कोण हुंगतं?” ते हसले. मग अगदी मायेने म्हणाले, “सूर्यभानचं कुठवर आलं?”

सूर्यभान तिचा एकुलता एक. चार वर्षे वाळूजच्या एका कारखान्यात हंगामी होता. सात महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा गेटवर रांग. ब्रेकच्या दिवसांत तो घरात नुसता बसून राही आणि सून भांडी आपटत राही. हेमचंद्ररावांचे मेव्हणे त्याच कारखान्यात माणसे घेण्याच्या जागेवर होते. सूर्यभान आत चिकटला तो त्यांच्याच शब्दावर, आणि कायम होणार असेल तर त्यांच्याच शब्दावर.

“मी बोलतोय मेव्हण्याशी,” हेमचंद्रराव म्हणाले. “बघू या.”

त्यांनी धमकी दिली नाही. ते आयुष्यात कोणाला धमकी देणारे नव्हते. पण बानाबाईला कळायचे ते कळले. मेंढरू वाघरात, जाळीच्या कोंडवाड्यात, शिरते तेव्हा कोणी ढकलत नाही त्याला, पुढचे गेले म्हणून ते जाते. आणि मग मागे दोरी पडते.

तेव्हापासून ती गिऱ्हाइकाचा हात धरीना. “खरं हाय” एवढेच म्हणे आणि नजर काट्यावर ठेवी. खऱ्या किटलीचा डबा असला की मात्र आधाशासारखी हाका मारमारून हात मागायची. नव्या बाईच्या हातावर चोळलेला तो डबा अशांतला शेवटचा.

तिच्या गिऱ्हाइकांत एक होती सत्यभामा. सरकारी दवाखान्यात, घाटीत, परिचारिका. बानाबाई तिला शिस्टरबाई म्हणायची. विद्यापीठाच्या नामांतराच्या पहिल्या दंगलीत, अठ्ठ्याहत्तर साली, तिच्या गावची बौद्धवस्ती जळाली तेव्हा ती लहानग्या लेकीला घेऊन अंगावरच्या लुगड्यानिशी शहरात आली होती. इथे शिकली, नोकरीला लागली, लेक वाढवली. पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा बानाबाईने नेहमीसारखा तिचा हात धरून तूप चोळले. तेव्हा तिला जात माहीत नव्हती. दुसऱ्या खेपेला माहीत होती. शेंद्र्यात असती तर बानाबाईने तूप वरून भांड्यात सोडले असते, तिच्या सासूने सोडले तसे. इथे तिचा हात क्षणभर थांबला, आणि मग तिने शिस्टरबाईचा हात धरून अकरापर्यंत मोजले.

सत्यभामाच्या लक्षात ते थांबणे आले होते. पुढे कधीतरी ती सहज म्हणाली, “मावशी, दुकानात चारचौघांत माझा हात धरणाऱ्या तुम्ही पहिल्या.” त्या दिवसापासून दोघींचे जमले. सून, लेक, गुडघे, सूर्यभानचा ब्रेक, साहेबांच्या मेव्हण्याचा शब्द, सगळे बोलून व्हायचे.

जानेवारीत नामांतराचा निकाल लागणार अशी हवा उठली. चौकाचौकात पोलिसांच्या गाड्या, दुकाने अर्ध्या शटरवर, गावाकडच्या एस.टी.चा भरवसा नाही. त्या आठवड्यात एकही किटली आली नाही. मागच्या खोलीत पाचात एकाचे पाचात तीन झाले. बानाबाईला मोजायची गरज नव्हती, झाकण उघडताच कळत होते.

संक्रांतीच्या चार दिवस आधी, सोमवारी सकाळी, भानुमतीबाई आल्या. कॉलेजात गृहशास्त्र शिकवायच्या, दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांच्या हातात काचेची नळी होती आणि नळीत तळाला गुलाबी पाणी.

“हेमचंद्रराव, हे तुमचं तूप. साखर आणि आम्ल घालून हलवलं. वनस्पती तुपात कायद्यानं तिळाचं तेल घालावं लागतं, त्याचा हा रंग. खऱ्या तुपाला असा रंग येत नाही.”

दुकानात सहा-सात बायका होत्या. सत्यभामाही होती, पिशवी धरून रांगेत. सगळ्या नळीकडे पाहू लागल्या.

हेमचंद्रराव हसले, पण त्यांच्या कपाळावर घाम होता. “भानुमतीबाई, तुमची नळी आज आली. बानाबाई सहा वर्षं इथे बसते. सख्ख्या भावाचं तूप तिनं परत केलं. तिला विचारा.”

“सांगा ना, मावशी,” एक बाई म्हणाली.

बानाबाई गुलाबी रंगाकडे पाहत होती. तिला त्या नळीचा राग आला नाही, उलट बरे वाटले. आपल्या नाकाला जे कळते ते या काचेलाही कळते तर. सांगून टाकावे, बाई खरे बोलतात म्हणून, आणि पोते झटकून घरी जावे.

“बानाबाई धनगराची आहे,” हेमचंद्रराव पुढे म्हणाले. “भंडारा उचलून खोटं बोलणार नाही. उचलाल ना, बानाबाई?” आणि मग हलकेच, तिलाच ऐकू जाईल असे, “मेव्हण्याला आज दुपारी फोन करतोय.”

बानाबाईचा हात पदराआड कमरेच्या चंचीवर गेला. चंचीत पानतंबाखूच्या जोडीला वेगळ्या कप्प्यात साताऱ्याच्या खंडोबाचा भंडारा होता. शहराला लागून असलेल्या त्या साताऱ्याला ती दर चंपाषष्ठीला चालत जायची आणि वर्षाचा भंडारा घेऊन यायची. नवरा गेल्यावर कुंकू गेले, पण कपाळावरचा भंडारा कोणी काढून घेऊ शकत नाही, असे ती म्हणायची. तो भंडारा उचलून खोटे बोलणे म्हणजे सूर्यभानच्या डोक्यावर हात ठेवून खोटे बोलणे.

“चंची घरी ऱ्हायली,” ती म्हणाली.

तेवढ्यात तिच्या मनात ते आले. बुडत्याला काडी सापडावी तसे आले. कपाटात हळदीच्या पुड्या होत्या. त्यांत हळद नव्हती. रंगाचे पीठ होते. त्याचा भंडारा कसा होईल? आणि भंडाराच नाही, तर आण तरी कसली? देव काय खुळा आहे, रंगावर घेतलेली शपथ ऐकायला?

“दुकानातली हळद चालंल,” ती म्हणाली.

कालिंदीवहिनींनी पुडी फोडून ताटलीत ओतली. ताटली पुढे करताना त्यांनी बानाबाईकडे पाहिले नाही. बानाबाईने चिमूट उचलली, कपाळाला लावली.

“ह्या भंडाऱ्याची आण. तूप खरं हाय.”

दुकानात सगळ्यांचा श्वास सुटला. भानुमतीबाईंनी नळी रुमालात गुंडाळली. “मी देवाशी वाद घालायला आले नव्हते,” त्या म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.

“मला दोन किलो द्या,” सत्यभामा पुढे आली.

बानाबाई दचकली. “येवढं कशाला, शिस्टरबाई? पावशेर न्या.”

“लेकीचं बाळंतपण आहे, मावशी, आज-उद्यात. डिंकाचे लाडू करायचेत.”

“मग थांबा की. पुढल्या हप्त्यात ताजं येईल.”

“ऐका,” सत्यभामा बाकीच्या बायकांना म्हणाली, “मावशी आता गिऱ्हाईक माघारी लावायला लागल्या.” सगळ्या हसल्या. हेमचंद्ररावांनी दोन किलो तोलून दिले.

घरी गेल्यावर बानाबाईने कपाळ धुतले. पाण्याने जाईना म्हणून साबण लावला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे पोरीबाळींनाही ठाऊक असते. ही लाल झाली नाही. पिवळी ती पिवळीच राहिली, कपाळाच्या सुरकुत्यांत आणि अंगठ्याच्या रेघांत बसून. बानाबाईने राख लावली, लिंबू चोळले, कातडी सोलवटली. ‘बघ,’ ती मनाशी म्हणाली, ‘खोटीच व्हती. मी कायबी चुकले नाय.’ आणि तरी तिला जेवण गेले नाही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सूर्यभान संध्याकाळी घरी आला तो धावतच. हातात कागद होता. कायम केल्याचा. चार वर्षांत बानाबाईने त्याला असे हसताना पाहिले नव्हते. त्याने कागद देव्हाऱ्यात ठेवला आणि आईच्या पायाशी वाकला.

“आये, भंडारा लाव.”

तिचा हात चंचीवर गेला आणि तिथेच राहिला. पिवळा पडलेला अंगठा तिला दिसत होता. तो अंगठा खऱ्या भंडाऱ्यात बुडवून पोराच्या कपाळाला लावायचा, हे काही केल्या तिच्याने होईना. पोरगा वाकून वाट पाहत होता.

“भंडारा सरला रे,” ती म्हणाली. “सूनबाई, साखर आण.”

“सरला? मग तुझ्या कपाळाला?”

“त्यो जुना हाय.”

सूर्यभानने साखर खाल्ली. तो इतका आनंदात होता की त्याने पुढे काही विचारले नाही.

संक्रांतीच्या दिवशी विद्यापीठाचे नवे नाव जाहीर झाले. कुठे फटाके वाजले, कुठे दारे लागली. दोन दिवसांनी शहर हळूहळू उघडले आणि तिसऱ्या दिवशी, सोमवारी, सत्यभामा दुकानात आली. ड्यूटीच्या पांढऱ्या साडीत, हातात डबा. दुकानात चार-पाच गिऱ्हाइके होती.

“मावशी, मुलगी झाली. चौदा तारखेलाच,” ती म्हणाली. “सोळा वर्षं वाट पाहिली त्या नावाची. ज्या दिवशी नाव मिळालं त्या दिवशी घरात लेक आली. घ्या, पहिला लाडू तुमचा. तुमच्याच तुपाचा आहे.”

बानाबाईने लाडू हातात घेतला. नाकाजवळ न्यायची गरज नव्हती. डिंक, खोबरे, खारीक आणि त्याखालून तो दुसरा वास. हेमचंद्रराव काट्यामागून पाहत होते. तिने लाडू खाल्ला. सगळा खाल्ला, कण सांडू दिला नाही.

“गोड झालाय,” ती म्हणाली. खोटे नव्हते. लाडू गोड होता.

“त्या कॉलेजच्या बाई काल भेटल्या,” सत्यभामा म्हणाली. “परत त्या नळीचं सांगायला लागल्या. मी म्हटलं, बाई, ज्या बाईनं सख्खा भाऊ सोडला पण भेसळ घेतली नाही, तिच्यापुढं तुमच्या नळीचं काय सांगता. अजून एक किलो द्या, मावशी. सव्वा महिना पुरायला हवं.” आणि सवयीने, न मागता, तिने हात उलटा करून पुढे धरला.

बानाबाईने त्या हाताकडे पाहिले. मग डबा ओढला, नखभर तूप काढले, हाताच्या पाठीवर ठेवले आणि पिवळ्या अंगठ्याने चोळू लागली. एक, दोन, तीन. दुकानात तोलायचा आवाज चालू होता. नऊ, दहा, अकरा. तूप जिरले नाही. कातडीच्या बारीक घड्यांत ते पांढुरके होऊन बसले.

एरवी इथे ती ‘माझी गवाही’ म्हणायची. आज तिने तो हात दोन्ही हातांत धरून दाराच्या उजेडाकडे केला.

“ह्या खेपी तुमीच बघा, शिस्टरबाई,” ती म्हणाली. “तुमीच हुंगा.”

सत्यभामाने हाताकडे पाहिले. नाकाजवळ नेला. मग तिने बानाबाईच्या कपाळाकडे पाहिले, तिथल्या न गेलेल्या पिवळ्याकडे, आणि काट्यामागे उभ्या असलेल्या हेमचंद्ररावांकडे. दवाखान्यात इतकी वर्षे काढलेली बाई ती, लोक तोंडाने सांगत नाहीत ते ओळखायची तिला सवय होती.

मग तिने विचारले, “सूर्यभान कायम झाला का?”

“झाला.”

“चांगलं झालं.”

तिने हात सोडवून घेतला नाही. बानाबाईनेच आपल्या पदराने तो पुसला, बोटांच्या बेचक्यांपर्यंत, लहान पोराचा पुसावा तसा. सत्यभामाने रिकामी पिशवी घडी करून काखेत धरली. लाडवांचा डबा उघडाच पोत्यावर ठेवून ती पायऱ्या उतरली आणि क्रांती चौकाच्या बाजूला चालू लागली.

“काय झालं?” हेमचंद्ररावांनी विचारले. “तूप नेलं नाही त्यांनी?”

“सुट्टे पैसे नव्हते,” बानाबाई म्हणाली.

रांगेतली पुढची बाई सरकून पुढे आली. तिने पर्स दुसऱ्या हातात घेतली आणि हात उलटा धरला.